उलट दिशांनी धावणारे दोन किरण

आकाशाकडे न पाहता, बंद खोलीत बसून पृथ्वी फिरते हे कळेल का? अल्-बिरूनीने भारतावरच्या आपल्या ग्रंथात आर्यभटाच्या अनुयायांचे मत नोंदवले आहे. पृथ्वी फिरते असे मानले तरी खगोलगणिताचे काही बिघडत नाही, हेही त्याने लिहिले. बिघडत नाही, म्हणजे नुसत्या गणिताने निकालही लागत नाही. १८५१ मध्ये फुकोने पॅरिसात लंबक टांगून निकाल दिला. मला मात्र प्रकाशाने दिलेला निकाल जास्त रंजक वाटतो.

१९१३ मध्ये जॉर्ज सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने फिरत्या तबकडीवर आरसे मांडले. एका किरणाचे दोन भाग करून त्यांना एकाच वाटेने, पण उलट दिशांनी फिरवून आणले. ते भेटतात तिथे उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. तबकडी फिरवली की पट्टे सरकतात, कारण किरणांची फेरी पूर्ण होईपर्यंत भेटीची जागाच पुढे गेलेली असते. एकाला थोडे जास्त अंतर पडते, दुसऱ्याला कमी.

सान्याकने जाहीर केले की ईथर सिद्ध झाला. पण त्याआधीच, १९११ मध्ये, माक्स फॉन लाउए यांनी दाखवले होते की ईथर माना किंवा आइनस्टाइनचा सापेक्षतावाद, या प्रयोगाचे उत्तर एकच येणार. प्रयोग अचूक होता, पण साक्ष दोन्ही पक्षांची होती! सान्याकला ते मान्य नव्हते.

१९२५ मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी शिकागोजवळ सुमारे ६१२ बाय ३३९ मीटरचा आयत नळांनी बांधला आणि आतली हवा उपसून काढली. पृथ्वी थांबवून तुलना करता येत नाही, म्हणून शेजारी एक छोटा आयत जोडला. पट्टे ०.२३६ इतके सरकायला हवे होते, सरकले ०.२३०.

तोच आयत यवतमाळात मांडला तर? मी हिशेब केला. आपण विषुववृत्ताला जवळ, २०.४ अक्षांशावर, त्यामुळे पट्टे जेमतेम ०.१२ सरकतील.

एवढे नळ टाकायची गरज आता नाही. उपग्रहाचा संदेश मोबाइलपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो. तेवढ्यात यवतमाळ पूर्वेला सुमारे ३० मीटर सरकलेले असते. नकाशावर आपला ठिपका योग्य गल्लीत दिसावा म्हणून हा सरक हिशेबात धरावाच लागतो, आणि त्या दुरुस्तीला आजही सान्याकचेच नाव आहे.