फुटक्या तावदानाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राज्यें, लढाया आणि तह यांकडे आपली दृष्टि सहज जाते. घरांतल्या फुटक्या वस्तूंकडे ती सहसा वळत नाहीं. परंतु एखाद्या समाजानें काय निर्माण केलें यावरून त्याची जी ओळख पटते, तिच्याहून अधिक खरी ओळख पुष्कळदां त्यानें मोडक्या वस्तूंचें काय केलें यावरून पटते. खिडकीच्या कांचेचेंच उदाहरण घ्या. पावसाळी वाऱ्यानें खिडकी आपटली, किंवा अंगणांतून मुलांचा चेंडू आला, आणि तावदानाला तडा गेला, हा प्रसंग ज्याच्या घरीं कधींच आला नाहीं असा गृहस्थ विरळा. मग कोणी खळ लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवितो, कोणी पुठ्ठा ठोकतो, आणि ‘दिवाळीपूर्वीं बदलून घेऊं’ असें म्हणतां म्हणतां दोन दिवाळ्या निघून जातात. या क्षुल्लक दिसणाऱ्या घरगुती उद्योगामागें शेंकडों वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा शेवटचा अध्याय आज आपल्याच घरांत लिहिला जात आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम तडा म्हणजे काय तें पाहूं. कांच मूळची फार बळकट. परंतु तिच्या पृष्ठभागावर जे सूक्ष्म ओरखडे असतात ते तिचें बळ हिरावून घेतात. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज एंजिनिअरानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही गोष्ट प्रयोगानें दाखविली. त्यानें कांचेचे अतिशय बारीक तंतु ओढले, आणि तंतु जितका बारीक तितका तो प्रमाणानें अधिक भार सोसतो असें त्यास आढळलें. कारण बारीक तंतूंत मोठ्या दोषाला जागाच नसते. तावदानावर पडणारा ताण तड्याच्या टोंकाशीं एकवटतो. लोखंड अशा वेळीं किंचित् वांकून ताण सोसतें. कांचेला वांकणें ठाऊक नाहीं, म्हणून तिचा तडा पुढें पुढें सरकतो. हवेंतील ओलावाही त्याला साहाय्य करतो. ज्येष्ठांत चार बोटें असलेला तडा आश्विनांत चौकटीला जाऊन भिडतो, यांत नवल नाहीं.

मौज अशी कीं, कांचेचा जो वैरी तोच कांचकाम करणाऱ्याचें हत्यार. बाराव्या शतकांत थिओफिलस नांवाच्या एका ख्रिस्ती संन्याशानें कलाकौशल्यावर एक ग्रंथ लिहिला. तापलेलें लोखंड कांचेच्या कडेशीं धरून तडा पाडावा, आणि मग तें हव्या त्या रेषेवरून फिरवीत त्या तड्याला आपल्यामागें न्यावें, अशी रीत त्यांत सांगितली आहे. पुढें हिरकणीनें ओरखडा काढून कांच तोडूं लागले. परंतु तत्त्व तेंच राहिलें. कांच कापली जाते असें आपण म्हणतों खरें, पण वस्तुतः ती शिस्तीनें फोडली जाते.

असा हा पदार्थ एकदां फुटल्यावर घरच्या चुलीवर जोडला जाणें शक्य नाहीं. कांच वितळवावयास जी आंच लागते ती भट्टीचीच, आणि तुटलेल्या कडा तेवढ्या तापवूं लागल्यास शेजारचा भाग तडकतो. मग जुन्या लोकांनीं काय केलें? त्यांची युक्ति कांचेंत नव्हती. ती कांचेच्या भोंवतीं होती. कांच कठीण, म्हणून तिला धरणारी वस्तु त्यांनीं मऊ निवडली. माझ्या मतें तावदानाच्या दुरुस्तीचा सारा इतिहास या एका वाक्यांत सांगतां येतो.

युरोपांत रोमन लोक खिडकीला कांच लावीत. पाँपेई येथील उत्खननांत तिचे नमुने सांपडले आहेत. परंतु त्यानंतर कित्येक शतकें मोठें, सपाट तावदान करणें फार कष्टाचें होतें. फुंकणीच्या टोंकाशीं कांचेचा फुगा करावयाचा आणि तो गरगर फिरवून ताटासारखा पसरावयाचा, किंवा नळकांड्यासारखा लांबवून, उभा चिरून सपाट करावयाचा, या मुख्य रीती. त्यांतून निघणारे लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवीत. या पट्टीला दोन्ही अंगांनीं खांच असे. एखादा तुकडा फुटला तर सुरीनें शिशाची कड उघडावी, तुकडा काढावा, नवा सरकवावा आणि कड पुन्हां दाबून टाकावी. शेजारच्या तुकड्यांना धक्का लागत नसे. कांचेची तेव्हांची किंमत कळण्यास एक दाखला पुरे आहे. १५६७ सालीं इंग्लंडच्या उत्तरेकडील अ‍ॅल्निक किल्ल्याची पाहणी झाली. धनी किल्ला सोडून जातील तेव्हां सर्व खिडक्यांच्या कांचा उतरवून जपून ठेवाव्या, कारण सोसाट्याच्या वाऱ्यानें त्या नासतात, अशी सूचना त्या पाहणींत केलेली आहे. आपण परगांवीं जातांना दागिने कुलपांत ठेवतों. ते सरदार खिडक्या ठेवीत.

परंतु चित्रांकित कांचेचा तुकडा फुटला तर तो बदलून चालत नसे. अशा वेळीं तड्यावरूनच शिशाची एक अरुंद पट्टी नेत, आणि दोन्ही तुकडे तिच्यांत धरून ठेवीत. यॉर्क येथील प्रख्यात चर्चची पूर्वेकडील प्रचंड खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिरानें १४०५ ते १४०८ या काळांत तयार केली. पुढील शतकांत तिच्यांत इतक्या पट्ट्या भरल्या गेल्या कीं, संतांच्या चेहऱ्यांवरून व वस्त्रांवरून काळ्या रेघांचें जाळें पसरलें आणि चित्र वाचणें कठीण झालें. आपल्या काळांत तिच्या ३११ चित्रफलकांचा जीर्णोद्धार झाला. अशा अनेक पट्ट्या काढून तुकड्यांच्या कडा पारदर्शक राळेनें सांधण्यांत आल्या, आणि २०१८ सालीं तें काम पुरें झालें. आजच्या तज्ज्ञांचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु त्या ओबडधोबड पट्ट्या लावणाऱ्यांनीं तुकडे फेंकून दिले असते, तर आज सांधावयास कांहींच उरलें नसतें, हें विसरतां येत नाहीं. दुरुस्ती कुरूप असली तरी ती पुढच्या, अधिक चांगल्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लांकडी चौकटीच्या, सरकत्या खिडक्या इंग्लंड-हॉलंडांत प्रचारांत आल्या, आणि शिशाची जागा दुसऱ्या एका मऊ पदार्थानें घेतली. आपले सुतार व रंगारी त्याला ‘लांबी’ म्हणतात. खडूची पूड आणि जवसाचें तेल मळून हा गोळा करतात. चौकटीच्या खांचेंत लांबीचा पातळ थर द्यावा. कांच खांचेहून किंचित् लहान कापून त्यावर दाबावी, म्हणजे लांकूड पावसांत फुगलें तरी तिला चिमटा बसत नाहीं. बारीक चुका मारून ती जागीं धरावी. आणि बाहेरून पुन्हां लांबी भरून तिला उतार द्यावा, म्हणजे पाणी ओघळून जातें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें, म्हणून लांबी वाळण्यास दिवस लागतात. ती जुनी झाली कीं दगडासारखी होते, तरी ऊब दिली असतां मऊ पडते आणि पटाशीनें निघते. म्हणजे बसविणारानें काढणाराचीही सोय करून ठेवलेली असते. हें काम शिकलेला मनुष्यच करूं शकतो असें नाहीं. धीर आणि स्थिर हात असलेल्या कोणाही गृहस्थाला तें साधतें.

पुढें कांच स्वस्त झाली. इंग्लंडांत कांचेवरचा कर १८४५ सालीं उठला आणि खिडक्यांवरचा कर १८५१ सालीं. त्याच वर्षीं लंडनच्या प्रदर्शनासाठीं उभारलेल्या स्फटिकगृहाला सुमारें ३ लाख तावदानें लागलीं. फुटकें सांभाळण्यापेक्षां नवें आणणें सोपें, ही वृत्ति येथून बळावली. याच सुमारास, १८५० सालीं, फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिआ यानें फुटक्या तावदानाची आपली प्रसिद्ध गोष्ट लिहिली. दुकानदाराचा मुलगा कांच फोडतो. बाप सहा फ्रँक देऊन ती बदलून घेतो. आणि जमलेले लोक म्हणतात, कांचा फुटल्या नाहींत तर कांचवाल्यांनीं खावें काय? बास्तिआचें उत्तर असें कीं, कांचवाल्याचे सहा फ्रँक डोळ्यांना दिसतात. त्याच सहा फ्रँकांत दुकानदारानें जोडा किंवा पुस्तक घेतलें असतें, तें मात्र दिसत नाहीं. या गोष्टीला एक पुरवणी जोडावीशी वाटते. त्या दुकानदाराची चौकट शाबूत राहिली, बाकीचीं तावदानें शाबूत राहिलीं. एका तुकड्याचें नुकसान एका तुकड्यापुरतेंच राहिलें, ही त्या खिडकीच्या घडणीची कृपा बास्तिआलाही दिसली नाहीं. कारण त्याच्या काळीं ती इतकी स्वाभाविक होती.

आपल्याकडेही ही घडण निराळ्या रूपानें नांदत होती. ‘तावदान’ हा शब्द फारसी ‘ताबदान’ यावरून आला आहे. ‘ताब’ म्हणजे तेज, उजेड. नांवांत कांचेचा उल्लेख नाहीं, आणि उजेड आणावयास कांचच पाहिजे असेंही नाहीं. गोव्यांतील जुन्या घरांना व चर्चांना शिंपल्यांच्या खिडक्या असत, आणि कांहीं ठिकाणीं त्या अद्याप पाहावयास मिळतात. एका जातीचा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापून लांकडी पट्ट्यांच्या खांचांत सरकवीत. उन्हाचा ताप आंत येत नाहीं, दुधासारखा शांत उजेड मात्र येतो. आणि एक शिंपला फुटला तर तेवढाच ओढून दुसरा घालतां येतो. महाराष्ट्रांत तळेगांवास पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं निघाला, आणि ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील घरोघर पोहोंचले. परंतु खिडकीची सपाट कांच त्या काळीं मुख्यतः आगबोटींतून, बेल्जमसारख्या देशांतून येई. म्हणून गांवोगांवचीं तावदानें लहान, आणि त्यांवर कागदाच्या पट्ट्या. त्या पट्टीला हंसूं नये. दुसऱ्या महायुद्धांत लंडनच्या लोकांनीं बाँबच्या भयानें आपल्या कांचांवर अशाच पट्ट्या चिकटविल्या होत्या. पट्टी तडा थांबवीत नाहीं, तुकडे उडूं देत नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत स्फोट झाला तेव्हां दूरदूरच्या घरांच्या कांचा फुटल्या. उडणाऱ्या कांचेचें भय काय असतें हें त्या दिवशीं मुंबईकरांना कळलें.

आतां आजचा अध्याय. १९५९ सालीं पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथलावर कांच तरंगवून ती सपाट करण्याची रीत जाहीर केली, आणि भिंतीएवढें तावदान सर्वांच्या आटोक्यांत आलें. त्याबरोबर दोन नवे प्रकार रूढ झाले. एक कडक केलेली कांच: ती बळकट खरी, पण एकदां तशी केल्यावर तिला कापतां येत नाहीं, आणि फुटली तर तिचा भुगा होतो. दुसरें जोड-तावदान: दोन कांचांमध्यें हवा कोंडून कडा कायमच्या बंद केलेल्या, एक कांच तडकली तर सबंध जोडच टाकून द्यावा लागतो. यांचे गुण मी नाकारीत नाहीं. पहिल्यानें माणसें जखमी होण्याचें वांचतें, दुसऱ्यानें थंड देशांत इंधन वांचतें. पण मऊ कडेचें शहाणपण त्यांत उरलेलें नाहीं. जें सहज निघत नाहीं तें मजबूत, असें आपण मानूं लागलों. जें निघत नाहीं तें दुरुस्तही होत नाहीं, हें मात्र बास्तिआच्या न दिसणाऱ्या जमाखर्चांत गेलें.

म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावयाचें आहे. तावदान फुटेल तेव्हां कांचेकडे पाहण्यापूर्वीं तिच्या चौकटीकडे पाहावें. साधी, अलीकडची कांच असेल तर ती खुशाल बदलावी. लांबी आणि चार चुका एवढ्यांतच तें काम होतें. वडिलोपार्जित वाड्याची, किंचित् लहरी उठलेली, हातानें फुगविलेली कांच असेल, तर तड्यावर पातळ पारदर्शक राळ सोडावी. तड्यांतील हवेमुळें तो चमकतो. तेथें कांचेसारखीच प्रकाश वांकविणारी राळ शिरली कीं तो पुष्कळसा दिसेनासा होतो. आणि नवें घर बांधतांना खिडक्या करणाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘हें उद्यां फुटलें तर एकटें काढतां येईल ना?’ आपल्या पूर्वजांना हा प्रश्न विचारावा लागत नसे. आपल्याला तो विचारावा लागतो, आणि त्याचें उत्तर ऐकूनच मग पैसे द्यावे.