किटरिज अहवालफुटी प्रकरण (न्यूझीलंड, २०१३)

न्यूझीलंडच्या गुप्तचर यंत्रणेविषयीचा एक गोपनीय अहवाल नियोजित प्रकाशनाआधीच वृत्तपत्रात आल्यानंतर झालेली चौकशी आणि त्या चौकशीतून उभा राहिलेला संसदीय विशेषाधिकाराचा वाद. अहवाल कोणी फोडला हे अखेरपर्यंत सिद्ध झाले नाही. तरीही या चौकशीपायी एका मंत्र्याचे पद गेले आणि संसदेच्या प्रशासनप्रमुखाने राजीनामा दिला. खासदाराच्या ई-मेलवर ताबा कोणाचा, या प्रश्नावर संसदेला प्रथमच तपशीलवार नियम विचारात घ्यावे लागले.

पार्श्वभूमी : २० जानेवारी २०१२ रोजी ऑकलंडजवळच्या कोट्सव्हिल येथे मेगाअपलोड या संकेतस्थळाचे संस्थापक किम डॉटकॉम यांच्या घरावर पोलिसांनी छापा घातला. त्याआधी गव्हर्न्मेंट कम्युनिकेशन्स सिक्युरिटी ब्युरो (जीसीएसबी) ही गुप्तचर संस्था त्यांच्यावर पाळत ठेवून होती. देशाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांचे संभाषण या संस्थेने टिपू नये, असे तेव्हाचा कायदा सांगत होता आणि डॉटकॉम यांना रहिवासाचा परवाना मिळालेला होता. पाळत बेकायदा ठरली. सप्टेंबर २०१२ मध्ये पंतप्रधान जॉन की यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यानंतर मंत्रिमंडळाच्या सचिव रेबेका किटरिज यांच्याकडे संस्थेच्या कारभाराची तपासणी सोपवली गेली. त्यांच्या अहवालातून निघाले ते असे, की डॉटकॉम एकटे नव्हते. २००३ पासून एकूण ८८ व्यक्तींवर बेकायदा पाळत ठेवली गेली असण्याची शक्यता होती. राज्यसंस्थेने आपल्याच लोकांवर नजर ठेवल्याचा हा कबुलीजबाब होता, आणि पुढच्या सगळ्या घटनांकडे ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पाहावे लागते.

अहवाल लगेच प्रसिद्ध करायचा नव्हता. निवडक मंत्री, अधिकारी आणि गुप्तचर व सुरक्षा समितीचे काही सदस्य यांच्यापर्यंतच त्याच्या प्रती गेल्या होत्या. ९ एप्रिल २०१३ च्या सकाळी वेलिंग्टनच्या ‘द डोमिनियन पोस्ट’मध्ये संसद वार्ताहर अँड्रिया व्हान्स यांनी त्यातील मजकूर छापला. सरकारला त्याच दिवशी अहवाल खुला करावा लागला.

हेन्री चौकशी : पंतप्रधानांनी चौकशी लावली आणि ती महसूल विभागाचे माजी आयुक्त डेव्हिड हेन्री यांच्याकडे दिली. ही चौकशी प्रशासकीय स्वरूपाची होती. साक्षीला बोलावण्याचा, कागदपत्रे जप्त करण्याचा किंवा कोणाला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा कायदेशीर अधिकार हेन्री यांना नव्हता. ते फक्त मागू शकत होते. देणे न देणे समोरच्यावर होते. प्रकरणाचे मर्म इथे आहे, कारण पुढे जे घडले ते सक्तीने घडले नाही, मागितले म्हणून दिले गेले.

तपासाची रीत अशा चौकशांत असते तीच होती. प्रती कोणाकोणाकडे गेल्या याची यादी करायची, त्या व्यक्तींच्या ई-मेल आणि दूरध्वनीच्या नोंदी काढायच्या, इमारतीच्या दारांवर स्वाइप कार्ड कधी लागले ते पाहायचे आणि या साऱ्या वेळा बातमीच्या तारखेशी ताडून बघायच्या. ई-मेलचा मजकूर न उघडताही सर्व्हरवरच्या नोंदीतून पाठवणारा, घेणारा, दिवस आणि वेळ कळते. एवढी माहिती निरुपद्रवी आहे, असे अधिकारी त्या वेळी धरून चालले. ते बरोबर नव्हते. पत्रकार कोणाशी बोलतो हेच त्याचे सर्वांत मोठे गुपित असते. ते उघड झाल्यावर मजकूर झाकून ठेवण्याला फारसा अर्थ उरत नाही.

या नोंदींवरून हेन्री पीटर डन यांच्यापर्यंत पोहोचले. डन महसूलमंत्री होते, युनायटेड फ्यूचर या पक्षाचे नेते व संसदेतील एकमेव सदस्य होते आणि गुप्तचर समितीवर असल्याने अहवालाची प्रत त्यांना मिळालेली होती. बातमीआधीच्या दोन आठवड्यांत त्यांच्यात आणि व्हान्स यांच्यात ८६ ई-मेलांची देवाणघेवाण झाल्याचे आढळले. हेन्री यांनी मजकूर मागितला; डन यांनी तो पूर्णपणे दाखवण्यास नकार दिला. खासदाराला, किंबहुना कोणाही नागरिकाला, पत्रकाराशी खाजगीत बोलण्याचा हक्क असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. अहवाल आपण दिला नाही, हेही ते सांगत राहिले. ७ जून २०१३ रोजी हेन्री यांचा अहवाल आला. मजकूर पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे सांगून तो थांबला. त्याच दिवशी डन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोष सिद्ध झाला नव्हता. नकाराचीच किंमत त्यांना मोजावी लागली.

नोंदी बाहेर कशा गेल्या : खासदारांचे ई-मेल, दूरध्वनी आणि प्रवेशपत्रे सांभाळण्याचे काम पार्लमेंटरी सर्व्हिस या यंत्रणेकडे असते. ती सरकारच्या नव्हे, सभागृहाच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत येते. संसद भवनातील पत्रकार कक्षाचे दूरध्वनीही याच व्यवस्थेवर चालत. मंत्र्यांची व त्यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती चौकशीला मिळावी, अशी पंतप्रधानांची इच्छा त्यांचे कार्यालयप्रमुख वेन ईगल्सन यांनी ई-मेलने कळवली होती. मंत्र्यांपुरती का होईना, ती समजण्याजोगी होती. पण मंत्री खासदारही असतो, आणि पत्रकार तर पंतप्रधानांच्या हाताखाली मुळीच नसतो. हा फरक कोणी थांबून केला नाही.

जुलैच्या अखेरीस एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. व्हान्स इमारतीत कधी कुठे गेल्या याच्या स्वाइप कार्डच्या नोंदी चौकशीला दिल्या गेल्या होत्या. त्यांच्या दूरध्वनीच्या नोंदी दिल्याच नाहीत, असे प्रथम सांगण्यात आले. ३० जुलैला अध्यक्ष डेव्हिड कार्टर यांना हे उत्तर दुरुस्त करावे लागले, कारण व्हान्स यांच्या टेबलावरील दूरध्वनीच्या तीन महिन्यांच्या नोंदी खरोखरच पाठवल्या गेल्या होत्या. आपण त्या मागितल्या नव्हत्या आणि वापरल्याही नाहीत, असे हेन्री यांचे म्हणणे होते. त्यानंतर कळले, की ई-मेलांचा मजकूर असलेली फाइलसुद्धा चुकून चौकशीकडे गेली होती आणि ती घाईने परत मागवण्यात आली. ती वाचली गेली नाही, असे सांगण्यात आले. ज्या मजकुरासाठी एका मंत्र्याने पद सोडले, तो त्याला न विचारता एका ई-मेलला जोडून निघून गेला होता. १ ऑगस्ट रोजी पार्लमेंटरी सर्व्हिसचे महाव्यवस्थापक जेफ थॉर्न यांनी राजीनामा दिला.

या साऱ्यात कोणी पासवर्ड फोडला नाही, कुठला विषाणू सोडला गेला नाही. संसदेची ई-मेल सुरक्षितता म्हटली की बाहेरच्या हल्लेखोराचा विचार आधी होतो, आणि तो धोका खराच आहे. २३ जून २०१७ रोजी ब्रिटिश संसदेच्या सुमारे ९,००० खात्यांवर पासवर्ड ओळखण्याचा सतत मारा झाला आणि कच्चे पासवर्ड असलेली ९० हून कमी खाती उघडी पडली. वेलिंग्टनमध्ये मात्र कुलूप शाबूत होते. किल्ली ज्यांच्याकडे विश्वासाने दिली होती, त्यांनीच दार उघडून दिले.

विशेषाधिकार समितीचा विचार : सभागृहाने हा विषय विशेषाधिकार समितीकडे सोपवला. महाधिवक्ता ख्रिस फिनलेसन तिचे अध्यक्ष होते. संसद ही सरकारच्या एखाद्या खात्यासारखी नाही आणि तिच्या यंत्रणांतील माहितीवर कार्यकारी सत्तेचा आपोआप हक्क पोहोचत नाही, याचे भान चौकशीलाही नव्हते आणि पार्लमेंटरी सर्व्हिसलाही नव्हते, असा समितीचा रोख होता. खासदारांची आणि पत्रकारांची माहिती कोणी, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या परवानगीने बाहेर द्यावी, याची नियमावली तिने सुचवली. हे नियम आधीपासून असते, तर तंत्रज्ञाच्या मेजावर आलेल्या विनंतीला ‘अध्यक्षांना विचारून सांगतो’ एवढे साधे उत्तर मिळाले असते.

अन्यत्रची प्रकरणे : ब्रिटनमध्ये २७ नोव्हेंबर २००८ रोजी विरोधी पक्षाचे खासदार डेमियन ग्रीन यांना गृहखात्याची कागदपत्रे फुटल्यावरून अटक झाली आणि त्यांच्या संसदेतील कार्यालयाची वॉरंटविना झडती घेतली गेली. त्यासाठी संमती सार्जंट-ॲट-आर्म्स जिल पे यांनी दिली होती. सभापती मायकेल मार्टिन यांनी पुढे वॉरंटशिवाय झडती होणार नाही, असे जाहीर केले. एप्रिल २००९ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. पण जप्त केलेल्या संगणकात काय सापडले, याविषयी निवृत्त पोलीस अधिकारी २०१७ मध्ये उघडपणे बोलले आणि त्यासंबंधी केलेल्या दिशाभूल करणाऱ्या विधानांमुळे ग्रीन यांचे मंत्रिपद गेले. चौकशी मिटली तरी तिच्यासाठी उचललेली माहिती मिटत नाही, याचे यापेक्षा ठळक उदाहरण सापडणे कठीण.

अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीत याच्या उलट घडले. तिथे दोन्ही पक्षांचे कर्मचारी एकच सर्व्हर वापरत, पण फाइलींवर निर्बंध नीट घातलेले नव्हते. त्यामुळे २००१ ते २००३ या काळात रिपब्लिकन पक्षाचे कर्मचारी डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत टिपणे वाचत राहिले. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांतली काही छापून आली. सिनेटचे सार्जंट-ॲट-आर्म्स विल्यम पिकल यांनी बॅकअप टेप आणि संगणक ताब्यात घेऊन तपास केला. मार्च २००४ च्या त्यांच्या अहवालात एकाच कर्मचाऱ्याच्या संगणकावर ४,६७० फाइली सापडल्याची नोंद आहे. पासवर्ड तोडला नव्हता, म्हणून गुन्हाच नाही, असा बचाव झाला आणि कोणावरही खटला उभा राहिला नाही. मात्र हा तपास सिनेटने स्वतःच्या अधिकाऱ्याकरवी केला. वेलिंग्टनच्या तुलनेत ही बाब महत्त्वाची ठरते.

नंतरच्या घडामोडी : जीसीएसबीचे अधिकार वाढवणारे विधेयक २१ ऑगस्ट २०१३ रोजी ६१ विरुद्ध ५९ मतांनी मंजूर झाले. त्या निसटत्या बहुमतात डन यांचे मत निर्णायक होते. जानेवारी २०१४ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले आणि २०१७ च्या निवडणुकीआधी त्यांनी राजकारण सोडले. रेबेका किटरिज २०१४ मध्ये देशाच्या दुसऱ्या गुप्तचर संस्थेच्या, सिक्युरिटी इंटेलिजन्स सर्व्हिसच्या, संचालक झाल्या.