अखंड प्रार्थनेची वाटणी

अलेक्झांड्रियाजवळच्या एनाटोन इथल्या लूशियस नावाच्या वृद्ध साधूकडे एकदा काही पाहुणे आले. तेही साधूच. आम्ही हातानं काम करत नाही, फक्त अखंड प्रार्थना करतो, असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. लूशियसनी विचारलं, जेवता का? जेवतो. झोपता? झोपतो. मग तेवढा वेळ तुमच्या वाटची प्रार्थना कोण करतं? पाहुण्यांना उत्तर सुचेना. तेव्हा म्हाताऱ्यानं स्वतःचा हिशेब मांडला. पाती भिजवून दोर वळायचा आणि वळता वळता देवाकडे दया मागत राहायचं. मिळकतीची सोळा नाणी जमली की त्यातली दोन दाराबाहेर ठेवायची, उरलेल्यांत पोट भागवायचं. ती दोन नाणी जो गरजू उचलेल, तो लूशियस जेवत किंवा झोपलेले असताना त्यांच्यासाठी प्रार्थना करेल.

इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंच्या आठवणींचे जे संग्रह झाले, त्यांत ही गोष्ट आहे. वादाचं मूळ मात्र त्याहून जुनं. इसवी सन ५०च्या सुमारास पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं आणि प्रार्थनेत खंड पडू देऊ नका, असं त्यात बजावलं. लूकच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेला दाखलाही त्याच धर्तीचा आहे. एक विधवा निगरगट्ट न्यायाधीशाकडे इतके हेलपाटे घालते की शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. हे सगळं शब्दशः पाळायचं ठरवलं तर पोटापाण्याचं काय? सीरियाकडच्या काही पंथीयांनी कामधंदाच सोडून दिला. ४३१ साली इफिससच्या धर्मसभेनं त्यांना पाखंडी ठरवलं.

दुसऱ्या काहींनी मोजणीचा मार्ग धरला. पॅलेडियसनं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या साधुचरित्रांत पॉल नावाचा एक तपस्वी भेटतो. त्याच्या रोजच्या प्रार्थना तीनशे. तेवढे खडे तो ओटीत घेऊन बसे आणि एक प्रार्थना झाली की एक खडा टाकून देई. एका गावातली व्रतस्थ कुमारी रोज सातशे प्रार्थना करते, हे कानावर आलं आणि बिचारा खचला. गाऱ्हाणं घेऊन तो मकारियस या ज्येष्ठ साधूकडे गेला. मी शंभरच करतो, कष्ट करून खातो, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो आणि माझं मन मला खात नाही, असं मकारियसनी त्याला सुनावलं.

खडे मोजून एका माणसाची प्रार्थना वाढली, तरी त्याची झोप काही टळली नाही. तो प्रश्न सोडवला मठांनी. अलेक्झांडर नावाच्या साधूनं आधी युफ्रेटिसकाठी आणि मग ४२०च्या दशकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिष्यांचे गट पाडले. एका गटाचं स्तोत्रगायन संपलं की दुसरा गट उभा राहायचा. माणसं झोपत, गायन थांबत नसे. लोक मात्र या मंडळींना 'न झोपणारे' म्हणू लागले. अलेक्झांडरला राजधानीतून हुसकावलं गेलं, पण त्याची पद्धत टिकली.

पश्चिमेत हाच प्रकार आजच्या स्वित्झर्लंडमधल्या अगौनमच्या मठात रुजला. ५१५ साली तो स्थापला बर्गंडीच्या सिगिस्मुंडनं, आणि तिथेही गटागटांनी अहोरात्र स्तोत्रं गायली जाऊ लागली. ५२२ साली सिगिस्मुंडनं पोटच्या मुलाचा गळा आवळून खून करवला आणि मग पश्चात्तापानं तो याच मठात येऊन रडला. अहोरात्र गायनाची प्रथा पुढे बंद पडली, मठ मात्र अजून चालू आहे.

इथवर ही रीत मठवासीयांची होती. ती सुतार-कुंभारांच्या घरात शिरली अठराव्या शतकात, सॅक्सनीमधल्या हेर्नहूट या गावी. मोरावियातून धर्मछळामुळे पळून आलेल्यांना काउंट झिंझेनडॉर्फनं आपल्या जमिनीवर आसरा दिला. १७२२ साली ख्रिश्चन डेव्हिड या सुतारानं वस्तीसाठी पहिलं झाड तोडलं. पाच वर्षांत गाव वाढलं आणि भांडणंही वाढली. वेगवेगळ्या परंपरांतून आलेली माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली. १३ ऑगस्ट १७२७ला शेजारच्या बेर्थेल्सडोर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी लोक हेलावले आणि समेट झाला. हा समेट टिकवायचा कसा, हा पुढचा प्रश्न होता.

दोन आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी करार केला. दिवसाचे २४ तास वाटून घ्यायचे. कुणाला कोणता तास, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक तासाला एक पुरुष आणि एक स्त्री, आपापल्या जागी, प्रार्थनेत. वेदीवरचा अग्नी विझू देऊ नये ही लेवीय पुस्तकातली आज्ञा त्यांच्यापुढे होती. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही म्हणून पहारे लावतात, तसंच हे. फक्त सप्ताह सात दिवसांनी उठतो आणि हेर्नहूटचा पहारा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. कशासाठी प्रार्थना करायची, हे पहारेकरी आठवड्यातून एकदा जमून ठरवत. १७३२ साली लिओनहार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निट्शमान हा सुतार कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला निघाले. त्यानंतर पहाऱ्यातल्या प्रार्थनांत दूरदूरच्या बेटांची नावं येऊ लागली.

महाराष्ट्रात चिकाटीच्या प्रार्थनेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण केडगावचं. तिथे तासांची वाटणी नव्हती, मुक्ती मिशनमधल्या मुली-बायका एकत्र जमत. दुष्काळातून आणि वैधव्यातून सोडवलेल्या या मुलींना पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५मध्ये रोजच्या प्रार्थनेसाठी बोलावलं. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जमू लागल्या. महिनाअखेरीस एका रात्री एक मुलगी आपल्या आत आग पेटल्याचं ओरडू लागली आणि तिला खरंच आग लागली असं वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या घडामोडींवर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पाराइसो इथे त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ साली तिथे सुरू झालेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्या पुस्तिकेनं चालना दिली.

१९९९ साली इंग्लंडमधल्या चिचेस्टरच्या तरुणांनी हेर्नहूटवरून स्फूर्ती घेऊन एका खोलीत अहोरात्र प्रार्थना सुरू केली. तिथून 'ट्वेंटीफोर-सेव्हन प्रेयर' ही चळवळ अनेक देशांत पसरली. २०२४ साली हेर्नहूट गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. मराठी मंडळ्यांतही साखळी प्रार्थनेसाठी तास वाटून घेतात. यादी कधी पाळकांच्या वहीत असते, कधी व्हॉट्सॲपवर. संध्याकाळचे तास पटापट जातात. पहाटे दोन ते चारसाठी पाळकांना घरोघरी विचारत फिरावं लागतं.