प्रवासी, सरहद्द आणि लेखकसंघ

१९९४ च्या एप्रिलमध्ये इजिप्तचे नाटककार अली सालेम (१९३६–२०१५) आपली निवा मोटार स्वतः चालवीत सीमा ओलांडून इस्रायलमध्ये गेले आणि सुमारे तीन आठवडे तेथे हिंडले. विनोदी नाटककार म्हणून त्यांचे नाव इजिप्तमध्ये सर्वतोमुखी झालेले होते. या प्रवासावरील त्यांचे अरबी पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि चांगले खपलेही. मात्र पुढे कैरोच्या नाट्य-चित्रपटसृष्टीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. २००१ साली तर इजिप्तच्या लेखकसंघाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले.

यातील विसंगती लक्षणीय आहे. इजिप्त व इस्रायल यांच्यात शांतता करार झाला तो १९७९ साली. १९९३ च्या ओस्लो कराराने पॅलेस्टिनी नेतृत्वही वाटाघाटींत आले होते. राज्यसंस्थेने मान्य केलेली वाट लेखकांच्या संघटनेने मात्र निषिद्ध ठरविली. ‘तत्बी’, म्हणजे संबंध सुरळीत करणे, हा शब्द तेथील सांस्कृतिक व्यवहारात दूषण म्हणून रूढ आहे. या बहिष्काराला निव्वळ असहिष्णुता म्हणणे अन्यायाचे होईल. कराराच्या निर्णयात नागरिकांना खरा वाटा नव्हता आणि पॅलेस्टिनी भूमीवरील ताबा कायम होता. अशा स्थितीत आपली संमती रोखून धरणे, एवढेच साधन लेखकांच्या हाती उरते.

तरीही वाङ्मयीन दृष्टीने एक प्रश्न शिल्लक राहतो. संघाने निवाडा केला तो कृतीचा, संहितेचा नव्हे. कादंबरीकार घरी बसून शत्रूची कल्पना करू शकतो. प्रवासलेखकाला ती सवलत नाही. ‘मी पाहिले’ हाच त्याच्या निवेदनाचा आधार असतो. म्हणून जाणेच निषिद्ध ठरविले, की त्या भूमीपुरता हा वाङ्मयप्रकारच निषिद्ध होतो. शिवाय वाट विचारणे, मुक्कामाला जागा शोधणे अशा किरकोळ व्यवहारांतून प्रवासवर्णन घडते, आणि त्या व्यवहारांत ‘शत्रू’ ही अमूर्त संज्ञा टिकत नाही. धोका वाटतो तो याचाच.

प्रवासवर्णनावरील राजकीय दडपण मराठीला अपरिचित नाही. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत केलेला प्रवास ‘माझा प्रवास’ म्हणून छापून यायला १९०७ साल उजाडले. पण तेथे भय होते परक्या सत्तेचे. सालेम यांना शिक्षा झाली ती स्वकीय, समव्यवसायी लेखकांकडून.

न्यायालयाचा निकाल सालेम यांच्या बाजूने लागला. त्यानंतर त्यांनी स्वतःहून संघाचा राजीनामा दिला. २००५ साली इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट देऊ केली, तेव्हा इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी त्यांना सीमेपलीकडे जाऊ दिले नाही. कराराने खुली केलेली वाट आता राज्यसंस्थेनेही त्यांच्यापुरती बंद केली होती.

‘का गेलात?’ हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला. समीक्षेचा प्रश्न वेगळा आहे: काय पाहिलेत, आणि काय पाहायचे राहिले? दुसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर हे पुस्तक कदाचित उणेही ठरेल; पण ती कसोटी लावण्याआधी ते वाचावे लागते.