पाळी आणायची गोळी

आमच्या आया-आज्यांच्या काळात ‘पाळी’ हा शब्द चारचौघांत निघत नसे. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, एवढंच. पण ती लांबली की बायांची कुजबुज सुरू व्हायची. औषधंही घरचीच : तीळ-गुळाचा काढा, गाजराचं बी, कच्ची पपई. पुष्कळदा पाळी आपली आपणच यायची आणि नाव काढ्याचं व्हायचं. अडलेल्या बाईला कुणी चित्रकाची मुळी सांगे. ती जहाल. तिच्यापायी बाया जिवाला मुकल्या.

पुढं दुकानात गोळी आली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरकं तिच्यात जास्त मात्रेत असत. ‘ईपी फोर्ट’ म्हणत तिला. दिवस गेलेले नसले, तर गोळ्या थांबल्यावर थोड्या दिवसांत अंगावरून जाई. नाही गेलं, तर दिवस राहिले असं धरायचं. बायांना वाटे, हिच्यानं राहिलेलंही मोकळं होतं. तसा काही भरवसा नव्हता. गर्भ पोटात राहिला, तर बाळात व्यंग येईल अशी भीती जाणकार डॉक्टर सांगत होते. दुकानदार मात्र चिठ्ठीवाचूनही पुडी बांधून देई.

१९८२ साली सरकारनं बंदीचं पाऊल टाकलं, तर कंपन्या कोर्टात गेल्या. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर मंडळींनी हा प्रश्न लावून धरला. गोष्ट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ च्या जूनमध्ये बंदी आली. सहा वर्षं गेली. तेवढ्या दिवसांत किती पुड्या गावोगाव गेल्या असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवला?

खरं तर गर्भपाताचा कायदा १९७१ लाच झाला होता आणि १९७२ च्या एप्रिलपासून लागूही होता. सज्ञान बाईला त्यात नवऱ्याची सही लागत नाही. पण गोळी एस्टीनं गावात पोचली, कायदा काही पोचला नाही. बाई दवाखान्याऐवजी दुकानाची पायरी चढत राहिली.

आता लघवी तपासायची पट्टी तालुक्याला सहज मिळते. पाळी लांबायला दिवस जाणं हे एकच कारण नसतं. थायरॉईड असतं, अंडाशयाची तक्रार असते, वजन उतरणं असतं, चिंता असते, चाळिशीनंतर पाळी जायची वेळही असते. दिवस गेलेले नाहीत हे कळलं, की डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी थोडे दिवस देतात. ती थांबवली की पाळी येते. गर्भ पाडायची गोळी वेगळी. ती २००२ पासून आपल्याकडं आहे, पण गर्भ पिशवीबाहेर नळीत असला तर तिचा उपयोग नाही, आणि बाईच्या जिवावर बेततं.

म्हणून लेकी-सुनांना माझं सांगणं एवढंच : आधी कशानं लांबली ते बघा, मग गोळी. पेरणीआधी आपण वाफसा बघतोच की. बाईच्या देहाला तेवढी तरी कदर मिळू द्या.