भागवत, भास्कर रामचंद्र

(३१ मे १९१० – २७ ऑक्टोबर २००१). मराठी बालकुमार साहित्यिक, अनुवादक व संपादक. भा. रा. भागवत या नावाने परिचित. पत्नी लीलावती भागवत यासुद्धा बालसाहित्यिक. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘वनिता मंडळ’ कार्यक्रमामुळे लीलावतींचा आवाज घरोघरी पोहोचला होता. १९४७ साली भागवतांनी ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक सुरू केले.

भागवतांची सर्वांत लोकप्रिय निर्मिती म्हणजे फास्टर फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्यातल्या विद्याभवन शाळेत शिकतो. अंगाने काडी, पायांखाली सायकल आणि अंगात भलती चपळाई. पेच सुटला की तोंडातून ‘ट्टॉक्’! हा उच्चार पुस्तकातून उठून मुलांच्या जिभेवर गेला. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘जवानमर्द फास्टर फेणे’ अशी पुस्तके या मालिकेत आहेत. राम वाईरकरांच्या चित्रांनी त्याला चेहरा दिला. योगायोगांची रेलचेल या कथांत आहेच, आणि चोर जरा सहजच सापडतात. पण बनेश धडपडतो, फजीत होतो, म्हणून तो वर्गातल्या पोरासारखा वाटतो. भागवतांचा दुसरा नायक बिपिन बुकलवार पुस्तकांचा किडा. फेणेइतके भाग्य मात्र त्याला लाभले नाही.

ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यतः भागवतांचे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’ ही त्यांतली काही. धूमकेतूवरच्या कादंबरीला त्यांनी नाव दिले ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. धूमकेतूला जुना घरगुती शब्द आणि त्याआधी पोस्टाच्या पत्त्यातला ‘मुक्काम’! अंतराळ जणू एसटीच्या टप्प्यात आल्यासारखे वाटते. भागवतांच्या अनुवादाची खरी कमाई ही, आणि ती मूळ कथांशी ताडून पाहण्याजोगी आहे. ‘उडती छबकडी’ ही त्यांची स्वतंत्र विज्ञानकथा.

भागवतांचा नायक पडद्यावरही आला. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फास्टर फेणे झाला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात अमेय वाघ बनेशच्या भूमिकेत होता. त्याच चित्रपटात भा. रा. भागवत हे पात्रही आहे. ते दिलीप प्रभावळकरांनी साकारले.