तो अंगठा कुणाचा?

सांभाळून उतरा. जिना अरुंद आहे, आणि समोरून वर येणारा पोरगा पाठीवरच्या गिटारसकट तुम्हाला भिंतीला चिकटवूनच पुढे जाणार आहे. वरच्या ग्रीक उपाहारगृहातला लसणाचा आणि तळणीचा वास चार पायऱ्या तुमच्या सोबतीला येतो, मग खालून उसळलेल्या सिगारेटच्या धुरापुढे हार मानतो. मोबाइल खिशात खोल दडवा. पाचशेची नोटही राहू द्या, इथे शिलिंग मोजून द्यावे लागतात.

लंडनचा सोहो, ४९ ग्रीक स्ट्रीट. १९६५चा उन्हाळा सरत आलाय, शनिवारची रात्र आहे आणि हे तळघर म्हणजे 'ले कझन्स'. भिंतींवर मासेमारीची जाळी टांगलीत, एक भलंमोठं गाडीचं चाकही आहे. दारूचा परवाना नसल्यामुळे चहा मिळेल, सँडविच मिळेल. तरीही बिअरचा भपकारा येतोय, कारण रस्त्यावरच्या 'पिलर्स ऑफ हर्क्युलिस'सारखे पब बंद झाले की तिथली मंडळी थेट इकडे उतरतात. गाणं पहाटेपर्यंत चालणार. खुर्ची शोधू नका. जमिनीवर बसा, पाय जमतील तसे दुमडा. पाठीत कुणाचा तरी गुडघा रुतेल, नडगीला गिटारच्या पेटीचा कोपरा लागेल. बाहेर पाऊस झालाय. शेजारणीचा लोकरी कोट तुमच्या दंडाला चिकटून वाळतोय आणि त्याला ओल्या मेंढीचा वास येतोय. पाच मिनिटांत तुमचा शर्टही तसाच भिजेल, फक्त घामाने.

मंचावरच्या मुलाने आत्ता 'अँजी' धरलंय. इथल्या गिटारवाल्यांची ही प्रवेश परीक्षा. डेव्ही ग्रॅहमची ही चीज १९६२ साली एका छोट्या रेकॉर्डवर आली आणि तेव्हापासून इंग्लंडभरच्या पोरांनी आपापल्या आयांची झोप उडवलीय. पुढच्या दोन रांगा बघा. मुलाच्या तोंडाकडे कुणीच बघत नाही, सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांवर. उजवा अंगठा जाड तारांवर पायऱ्या उतरतो, ए, जी, एफ, ई, पुन्हा वर आणि पुन्हा खाली. त्याच वेळी उरलेली बोटं बारीक तारांवर वेगळंच काहीतरी बोलत असतात. अंगठ्याला बोटांचा पत्ता लागता कामा नये, खरी गोम ही. तिसऱ्या फेरीत मुलाचा अंगठा बोटांचं ऐकायला थांबतो आणि अडखळतो. तुमच्या मागे कुणीतरी 'च्च' करतं.

"सायमन याच्यापेक्षा बरा वाजवतो," ओल्या कोटातली मुलगी म्हणते.

झालं. ठिणगी पडली.

"बरा?" दाढीवाला वळतो. त्याच्या मांडीवर गिटारची पेटी आहे, हातात थंडगार झालेला चहा. "घासूनपुसून वाजवतो म्हण. बर्टचं ऐकलंस का? त्याचा अंगठा मध्येच दबा धरतो आणि मग तुटून पडतो. स्वतःची गिटारसुद्धा नव्हती त्याच्याकडे, उसनी घेऊन घरातल्या घरात अख्खी रेकॉर्ड केली त्याने."

बर्ट म्हणजे बर्ट जॅन्श. हे तुम्ही विचारू नका, इथे न विचारता माहीत असावं लागतं.

आणि सायमन म्हणजे आपला पॉल सायमन, पण अजून जगाचा झालेला नाही. न्यूयॉर्कहून आलेला बुटका, नीटनेटका, जरा भाव खाणारा पोरगा. ईस्ट एंडमधल्या केबल स्ट्रीटवर एका बाईंकडे राहतो आणि गिटार घेऊन गावोगावचे क्लब पालथे घालतो. त्याची नुसत्या आवाजाची आणि गिटारची रेकॉर्ड नुकतीच दुकानात आलीय. मुलीने ती पिशवीत आणलेली आहेच. कव्हर हातोहात फिरत तुमच्या मांडीवर येतं. दगडी गल्लीत तो आणि एक मुलगी बसलेत, हातात खेळणी. कोऱ्या पुठ्ठ्याचा वास घ्या आणि लवकर पुढे द्या, दाढीवाला घाईत आहे.

त्याला आरोपपत्र वाचायचंय. "आधी एव्हर्ली बंधूंसारखं दोन आवाजांत गायचा, जेरी नावाने. शाळेत असताना रेकॉर्डही काढली होती. मग अमेरिकेतल्या मर्ल ट्रॅव्हिस घराण्याचा ठेका. इथे आला आणि डेव्हीचा अंगठा उचलला. आता मार्टिन कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' उतरवून घेतलंय. याचं स्वतःचं काय?"

"गाणी," मुलगी म्हणते. एवढंच.

चार जण एकदम बोलू लागतात. कुणी म्हणतं, सायमनचा बाप वाद्यवृंदात बास वाजवतो, ताल घरातच मुरलाय. मागून एक जण ओरडतो की डेव्ही तरी कुठे आकाशातून पडला? मोरोक्कोत ऊद हे तंतुवाद्य ऐकलं, त्याच्याबरोबर वाजवता यावं म्हणून गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या, डी-ए-डी-जी-ए-डी. आता तळघरातली निम्मी पोरं तशाच लावतात, मग त्यांना चोर म्हणायचं का? मंचावरून "शूऽ" येतं, ते कुणी मनावर घेत नाही.

तेवढ्यात दाढीवाल्याची नजर तुमच्यावर पडते. "तुम्ही इंडियाचे ना? डेव्ही रागासारखं वाजवतो म्हणतात. खरं का?"

बारा डोकी तुमच्याकडे वळतात. तुमची संगीतातली मजल हार्मोनियमच्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत. तरी तुम्ही भुवया उंचावून, मान जराशी तिरकी करून "आहे, थोडं आहे" म्हणता. खाली एक स्वर घुमत ठेवून वर सुरावट हिंडवायची, एवढं तुमच्या कानाला ओळखीचं आहे, म्हणजे अगदीच थाप नाही. दाढीवाला खूश होतो आणि स्वतःचा चहा तुम्हाला देतो. पिऊन टाका. गार आहे, गोड आहे, आणि कपात राखेचा एक कण तरंगतोय.

मला विचाराल तर मुलीचं पारडं जड आहे. सायमन इथला सर्वांत मोठा वादक नाही, पण त्याची गिटार गाण्याच्या पायात येत नाही. शब्द आला की बोटं बाजूला होतात, ओळ संपली की एखादी छोटी सुरावट पुढच्या शब्दाला दार उघडून देते. जॅन्शची गिटार दारातच उभी राहते, आणि तिच्याकडेच बघत राहावंसं वाटतं. दोन वेगळी कामं आहेत ही, आणि पहिलं दिसतं तेवढं सोपं नाही.

दाढीवाल्याचंही एक म्हणणं मात्र काळाच्या पोटात खरं होऊन बसलंय, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी ते 'स्कारबरो फेअर' सायमन आणि त्याचा जोडीदार गारफंकल यांच्या रेकॉर्डवर येईल आणि श्रेयात कार्थीचं नाव नसेल. चाल काही कार्थीची नव्हे. ती डरहॅमकडच्या एका म्हाताऱ्या खाणकामगाराकडून टिपून घेतलेली आणि पुस्तकातून कार्थीपर्यंत आलेली. पण गिटारची ती झुळझुळ त्याने बसवलेली. या तळघरात प्रत्येक जण दुसऱ्याची बोटं डोळ्यांनी चोरतो, त्याला कुणी हरकत घेत नाही, कारण कुणाचं काय हे सगळ्यांना माहीत असतं. समुद्रापलीकडच्या दुकानात रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला ते कसं कळणार? कार्थीचा राग निवळून दोघं लंडनमध्येच एका मंचावर ते गाणं गातील, पण त्यासाठी २००० साल उजाडावं लागेल.

आणखी एक गोष्ट जिभेवर येतेय ना? दाबून ठेवा. सायमनच्या जुन्या 'साउंड ऑफ सायलेन्स'वर न्यूयॉर्कमध्ये त्याला न विचारताच ड्रम आणि विजेची गिटार चढवलीय. चार-पाच महिन्यांत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचेल. इथे बोललात तर दाढीवाला दिलेला चहा परत मागेल.

अडखळलेला मुलगा मंचावरून उतरून तुमच्याच शेजारी अंग चोरून बसतो. कान लाल झालेत. मुलगी त्याचा उजवा हात सरळ हातात घेते, अंगठा मनगटापासून जरा बाहेर वळवते आणि म्हणते, "असा ठेव. सायमन असाच ठेवतो."

"डेव्ही असा ठेवतो," दाढीवाला म्हणतो, आणि पेटीचे खटके उघडू लागतो.